उच्च शिक्षणाची वाट आणि शाळेंतील मार्गदर्शन-कचेरी

आनंदीबाई जोशी ह्यांचें नांव आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलामुलीनें ऐकलेलें आहे. परंतु त्या अमेरिकेपर्यंत पोंचल्या कशा, ही हकीकत फारशी कोणी लक्षांत घेत नाहीं. त्यांचे यजमान गोपाळराव ह्यांनीं पत्नीच्या शिक्षणासंबंधानें वाइल्डर नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें. वाइल्डरसाहेबांनीं तो पत्रव्यवहार पुढें आपल्या मासिकांत छापला. न्यूजर्सी संस्थानांतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तें मासिक त्यांच्या हातीं पडलें. त्यांनीं आनंदीबाईंस पत्र लिहिलें. पत्रांतून स्नेह जडला. आणि १८८३ सालीं आनंदीबाई अमेरिकेस पोंचल्या, त्या कार्पेंटरबाईंच्याच घरीं उतरल्या. पुढें १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाची पदवी त्यांनीं मिळविली.

विद्यार्थिमित्रहो, बुद्धि आनंदीबाईंची होती, धैर्यही त्यांचेंच होतें. पण त्या दिवशीं दंतवैद्याच्या मेजावर दुसरें एखादें मासिक पडलें असतें तर? योग्य मुलास योग्य विद्यालयाची वाट सांपडणें हें अशा योगायोगावर सोडूं नये, ह्या विचारांतून अमेरिकेंतील हायस्कुलांत एक स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली आहे. तिचीच ओळख ह्या लेखांत करून देण्याचा विचार आहे. तिच्या अधिकाऱ्यास तेथें कौन्सेलर म्हणतात. आपल्याकडे आतां समुपदेशक हा शब्द रूढ झाला आहे. मी येथें त्यास साधेपणानें मार्गदर्शक म्हणेन.

ह्या विषयाकडे माझें लक्ष कां गेलें, तें आधीं सांगतों. माझे वडील मिशनच्या दवाखान्यांत कंपाउंडर होते. माझा बारावीचा निकाल लागला. गुण चांगले पडले होते. आणि एका शिष्यवृत्तीस मी पात्रही होतों. परंतु ती शिष्यवृत्ति आहे ही गोष्ट आम्हांस अर्जाची मुदत संपून नऊ दिवस झाल्यावर एका ओळखीच्या गृहस्थांकडून कळली. वडील कांहीं बोलले नाहींत. पुढल्या महिन्यापासून त्यांनीं रात्रपाळी धरली. आम्हांस कोणी ‘नाहीं’ म्हटलें नव्हतें. आम्हीं विचारलेंच नव्हतें. कारण विचारण्यासारखें कांहीं आहे, हेंच आम्हांस ठाऊक नव्हतें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. ह्या कार्याचा आरंभ बॉस्टन शहरीं झाला. फ्रँक पार्सन्स ह्या गृहस्थांनीं १९०८ सालीं तेथें तरुणांस उद्योगधंदा निवडण्याच्या कामीं सल्ला देणारी एक कचेरी काढली. त्याच सालीं ते वारले, व त्यांचें ह्या विषयावरील पुस्तक १९०९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं मुलानें प्रथम स्वतःस ओळखावें. मग निरनिराळ्या धंद्यांत काय लागतें व काय मिळतें हें जाणून घ्यावें. आणि शेवटीं ह्या दोहोंचा मेळ शांतपणें विचार करून घालावा. पुढें १९५७ सालीं रशियानें पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला. आपण शास्त्रांत मागें पडतों कीं काय, ह्या भीतीनें अमेरिकन सरकारनें १९५८ सालीं शिक्षणासंबंधीं एक मोठा कायदा केला. त्या कायद्यानें शाळांतील मार्गदर्शनासाठीं व मार्गदर्शकांच्या शिक्षणासाठीं पैसा मिळूं लागला, आणि ही कचेरी गांवोगांवच्या हायस्कुलांत दिसूं लागली.

तेथील हायस्कूल म्हणजे सामान्यतः नववी ते बारावी अशीं चार वर्षें. आपल्याकडे बोर्डाची एक परीक्षा व तिचे गुण ह्यांवर पुष्कळ कांहीं ठरतें. तेथें तसें नाहीं. चारही वर्षांचे गुण कॉलेजाकडे जातात, आणि विषय कोणते घ्यावेत हेंही बऱ्याच अंशीं विद्यार्थी निवडतो. म्हणून मार्गदर्शकाचें काम बारावींत नव्हे, तर नववींतच सुरू होतें. एक उदाहरण घ्या. नववींत ज्या मुलीनें गणिताचा खालच्या पायरीचा वर्ग घेतला, तिची बारावीपर्यंत कलनशास्त्राच्या वर्गाशीं गांठ पडणें कठीण. आणि इंजिनियर होण्याची इच्छा तिला अकरावींत झाली, तर नववींतली ती लहानशी निवड तिच्या आड येते. घरीं आईबापांस ही पायऱ्यांची रचना दिसत नाहीं. मार्गदर्शकास ती दिसते, आणि ती वेळेवर दाखविणें हें त्याचें पहिलें कर्तव्य होय.

अकरावींत दुसरें काम येतें, तें कॉलेजांची यादी करण्याचें. मुलास जेथें प्रवेश मिळणें कठीण, जेथें मिळण्याचा बराच संभव, व जेथें बहुधा मिळेलच, अशा तिन्ही प्रकारचीं कॉलेजें यादींत असावींत, असा मार्गदर्शकाचा आग्रह असतो. सरकारी विद्यापीठें, खासगी कॉलेजें, आणि दोन वर्षांचीं कम्युनिटी कॉलेजें ह्यांतील भेद तो कुटुंबास समजावून देतो. हीं दोन वर्षांचीं कॉलेजें कमी खर्चाचीं असतात. त्यांतलें सर्वांत जुनें सरकारी कॉलेज इलिनॉय संस्थानांत जोलिएट येथें १९०१ सालीं निघालें. तेथें दोन वर्षें शिकून पुढें मोठ्या विद्यापीठांत जातां येतें. ह्या मार्गास कमी समजण्याचें कारण नाहीं. परंतु दोन वर्षांतले कोणते विषय पुढील विद्यापीठ मान्य करील, हें आधीं विचारून ठेवावें लागतें. प्रवेशपरीक्षांचें धोरणही बदलत असतें. २०२० नंतर पुष्कळ कॉलेजांनीं त्या ऐच्छिक केल्या, एम्. आय्. टी.नें २०२२ सालीं, तर येल, डार्टमथ व हार्वर्ड ह्यांनीं २०२४ सालीं त्या पुन्हां आवश्यक ठरविल्याचें जाहीर केलें. म्हणून शेजारच्या मुलानें काय केलें हें न पाहतां यंदाचा नियम काय, हें पाहावें.

बारावींत अर्ज करावयाचे. १९७५ सालीं १५ कॉलेजांनीं मिळून एक समाईक अर्ज काढला; आज तो हजारांवर कॉलेजांत चालतो. मुलगा आपला निबंध व माहिती लिहितो. परंतु शाळेकडून जाणारे कागद निराळे असतात. गुणपत्रक, मार्गदर्शकाचें शिफारसपत्र, आणि शाळेची माहिती देणारें एक पत्रक, हे सर्व कचेरीच पाठविते. हें शेवटचें पत्रक दिसावयास साधें, पण महत्त्वाचें. आपल्या शाळेंत कोणते विषय शिकवितात, गुण कसे देतात, हें त्यांत लिहिलेलें असतें. त्यामुळें लहानशा गांवांतील मुलानें वरचा वर्ग घेतला नाहीं, कीं तो वर्ग त्या शाळेंत नव्हताच, हें दूर बसलेल्या परीक्षकास कळतें. गरीब मुलास अर्जाची फी माफ व्हावी म्हणून दाखला देणारेंही हेंच कार्यालय. कांहीं कॉलेजांत लौकर अर्ज करून ‘प्रवेश मिळाल्यास मी येथेंच येईन’ असें वचन द्यावें लागतें. त्या कागदावर विद्यार्थ्याबरोबर पालक व मार्गदर्शक ह्यांचीही सही असते. सही करण्यापूर्वीं त्या वचनाचा अर्थ आईबापांस नीट सांगणें हें मार्गदर्शकाचें काम.

आतां सर्वांत नाजूक बाब, ती पैशाची. कॉलेजानें जाहीर केलेली किंमत पाहून कित्येक कुटुंबें अर्जच करीत नाहींत. वास्तविक ती किंमत एक, आणि मदत वजा जातां घरांतून द्यावयाची रक्कम दुसरी. हा अंदाज काढतां यावा म्हणून २०११ सालापासून कॉलेजांस आपल्या संकेतस्थळावर एक हिशेबाचें साधन ठेवणें कायद्यानें भाग पडलें आहे. सरकारी मदतीसाठीं फाफ्सा नांवाचा एक अर्ज असतो. त्यांत कुटुंबाच्या उत्पन्नाची माहिती द्यावी लागते. त्यावरून गरजू विद्यार्थ्यास पेल अनुदान मिळतें. २०२४–२५ सालीं तें जास्तींत जास्त ७,३९५ डॉलर होतें, आणि तें परत फेडावें लागत नाहीं. हा अर्ज २०२३ सालीं नव्यानें आंखला गेला. तो नेहमींप्रमाणें ऑक्टोबरांत न निघतां डिसेंबरअखेर निघाला, व त्यांत अडचणीही पुष्कळ आल्या. त्या वर्षीं कित्येक कुटुंबांस धीर देण्याचें व अर्ज पुरा करवून घेण्याचें काम ह्या कचेऱ्यांसच करावें लागलें.

पुढें कॉलेजांकडून मदतीचीं पत्रें येतात. तीं वाचणें हीही एक विद्या आहे. समजा, एका कॉलेजाचा वार्षिक खर्च ६०,००० डॉलर असून तें ४५,००० डॉलरांची ‘मदत’ देऊं करतें. दुसऱ्याचा खर्च ३०,००० असून तें १८,००० देतें. पहिलें पत्र वाचून घरांत आनंद होतो. मार्गदर्शक मात्र पेन्सिल घेऊन बसतो. पहिल्या पत्रांतील ४५,००० पैकीं अनुदान केवळ २५,०००. १५,००० हें मुलानें व आईबापांनीं काढावयाचें कर्ज. आणि ५,००० ही मुलानें काम करून मिळवावयाची मजुरी. म्हणजे खरा बोजा ३५,००० डॉलरांचा. दुसऱ्या पत्रांतील १८,००० हें सर्वच अनुदान. तेथें बोजा १२,००० चा. हा हिशेब चौथीच्या मुलासही येईल. परंतु कोणता आंकडा दानाचा व कोणता देण्याचा, हें ओळखणारा मनुष्य शेजारीं असावा लागतो.

बहुतेक ठिकाणीं १ मेपर्यंत कॉलेजास होकार कळवावयाचा असतो. तेवढ्यानेंही काम संपत नाहीं. उन्हाळ्याच्या सुटींत वसतिगृहाचा कागद, लस टोंचल्याचा दाखला, फीचें पहिलें बिल अशीं बारीकसारीक पत्रें येतात. आणि प्रवेश मिळालेलीं कांहीं मुलें, विशेषतः ज्यांच्या घरांत पूर्वीं कोणी कॉलेजांत गेलेलें नाहीं अशीं, अशाच एखाद्या कागदापाशीं अडतात व वर्ग सुरू होतात तेव्हां तेथें दिसत नाहींत. बुद्धि असून, प्रवेश असून, मदतही असून मूल वाटेंत गळतें. म्हणून कांहीं शाळा सुटींतही ह्या मुलांची चौकशी करीत राहतात.

ह्या व्यवस्थेंत उणीव नाहीं असें समजूं नये. तेथील मार्गदर्शकांच्या राष्ट्रीय संघाच्या मतें एका मार्गदर्शकाकडे २५० विद्यार्थी असावेत. २०२२–२३ सालीं देशाची सरासरी ३८५ होती. त्यांतच वर्गांचें वेळापत्रक, आणि दुःखी वा त्रस्त मुलांची विचारपूस, हींही त्याचींच कामें. श्रीमंत कुटुंबें पैसे देऊन खासगी सल्लागार ठेवतात. गरिबांस शाळेची कचेरी हाच आधार. म्हणून जें कुटुंब स्वतः होऊन दार ठोठावतें, त्यास अधिक लाभ होतो. आणि मार्गदर्शक वाट दाखवितो, निवड करीत नाहीं. मुलाचा कल, घरची ऐपत, आजाऱ्याची काळजी, धाकट्या भावंडांचें शिक्षण, ह्या गोष्टी कुटुंबानेंच त्याच्यापुढें मोकळेपणानें मांडावयाच्या असतात. जो आपली अडचण झांकतो, त्यास सल्लाही अर्धाच मिळतो.

आपला ह्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. आपले कित्येक मराठी बांधव तेथें स्थायिक आहेत. एका परीक्षेच्या गुणांवर वाढलेल्या आईबापांस ही चार वर्षांची रीत अपरिचित वाटते, व त्यांस ही कचेरी विशेष उपयोगीं पडते. शिवाय येथून जो विद्यार्थी त्या कॉलेजांस अर्ज करतो, त्याच्यासाठीं मार्गदर्शकाचे कागद येथील मुख्याध्यापकांस किंवा एखाद्या शिक्षकांस भरावे लागतात. तेव्हां त्यांस तीन दिवस आधीं नव्हे, तर तीन महिने आधीं भेटावें. वर सांगितलेली सरकारी मदत येथील नागरिकांस मिळत नाहीं. मात्र हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम्. आय्. टी. व अॅम्हर्स्ट अशीं मोजकीं विद्यालयें परदेशी विद्यार्थ्याचीही ऐपत न पाहतां अर्जाचा विचार करतात, व प्रवेश दिल्यास त्याची गरज भागवितात. तेथें प्रवेश फार कठीण आहे. पण दार कोणतें, हें तरी ठाऊक असावें.

आपल्या शाळेंत अशी स्वतंत्र कचेरी नाहीं. परंतु जें काम ती करते, त्याचा बराचसा भाग एका वहींत मावण्यासारखा आहे. पालकांनीं नववीपासून एक वही करावी. मुलास कशाची गोडी आहे, त्या शिक्षणास कोणते विषय लागतात, खर्च किती, त्यांत अनुदान किती व कर्ज किती, आणि प्रत्येक अर्जाची शेवटची तारीख कोणती, हें त्यांत लिहावें. आणि वर्षांतून दोन वेळां ती वही घेऊन शिक्षकांकडे यावें. आपलें अज्ञान दिसेल म्हणून संकोच करूं नये. विचारण्यांत कमीपणा नाहीं. माझ्या वडिलांनीं ज्या रात्रीं पाळी धरली, त्या रात्रींची किंमत मला ठाऊक आहे. ती तुमच्यापैकीं कोणावरही द्यावयाची पाळी न येवो. आमच्या शिक्षकवर्गाचें दार उघडें आहे. वही घेऊन या.