आपोआप सुरू होणारी तबकडी

कला शाखेच्या माणसाने संगणकाच्या तबकडीवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. एका फजितीने तो माझ्या गळ्यात घातला आहे.

२००७ साली मी याच महाविद्यालयात एम. ए.च्या वर्गात होतो. आम्ही चौघा मित्रांनी जवळच्या एका खेड्यातील चार वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांची छायाचित्रे, ओव्यांचा मजकूर आणि आवाज एकत्र करून एक सीडी बनवली. संगणकात घालताच ती आपोआप सुरू होई, याचा आम्हांला कोण अभिमान! ती घेऊन आम्ही त्या गावच्या शाळेत गेलो. चौघी आजी ठेवणीतली लुगडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

तबकडी आपोआप सुरू झाली खरी. पण पडद्यावर ओव्यांच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ उमटला, आणि आवाज तर मुळीच नाही! आम्ही घामाघूम झालो. अखेर एक आजी म्हणाल्या, “राहू दे रं लेकरा, मीच म्हणते.” आणि त्यांनी तेथेच ओवी म्हटली.

त्या दिवशी एक गोष्ट कळली. तबकडी आपोआप सुरू होणे आणि ती सर्वत्र चालणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिली सोपी आहे, दुसरी कष्टाची.

प्रथम सोपी गोष्ट पाहू. १९९५ च्या विंडोजपासून अशी सोय आली, की तबकडीच्या मुळाशी, म्हणजे कोणत्याही फोल्डरच्या आत नव्हे, ‘ऑटोरन.आयएनएफ’ नावाची साधी मजकूर-फाईल ठेवली की संगणक ती वाचतो. तिच्यात दोनच ओळी पुरतात. पहिल्या ओळीत चौकटी कंसात ‘ऑटोरन’ हा शब्द. दुसरीत ‘ओपन’, बरोबरीचे चिन्ह आणि चालवायच्या प्रोग्रॅमचे नाव. प्रोग्रॅमऐवजी एखादे पान उघडायचे असेल, तर ‘ओपन’च्या जागी ‘शेलएक्झिक्यूट’ लिहावे. हे सारे अर्थातच रोमन लिपीत.

आता कष्टाची गोष्ट. आमच्या चुका तीन होत्या.

पहिली चूक पत्त्याची. ध्वनीच्या फाईली सादरीकरणाच्या आत नव्हत्याच. त्या आमच्या संगणकाच्या ‘सी’ विभागात होत्या आणि सादरीकरणात केवळ त्यांचा पत्ता होता. शाळेच्या संगणकावर त्या पत्त्यावर कोणीच राहत नव्हते! म्हणून सर्व फाईली तबकडीवर घ्याव्यात, आणि पत्ता ‘या फोल्डरच्या शेजारी’ असा सापेक्ष द्यावा.

दुसरी चूक अक्षरांची. आमचा टंक युनिकोडचा नव्हता. अशा टंकात ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या पोटी ते रोमन अक्षरच असते. टंक नसला की सोंग उतरते. मजकूर पीडीएफ करून टंक त्यातच अंतर्भूत केला, तर तो कोठेही तसाच दिसतो.

तिसरी चूक गृहीत धरण्याची. जगात केवळ विंडोजच आहे, असे आम्ही मानले होते. मॅकिंतोश व लिनक्स त्या ऑटोरन फाईलला सहसा दाद देत नाहीत. म्हणून मुळाशी ‘इंडेक्स’ नावाचे एचटीएमएल पान ठेवावे. ते कोणत्याही ब्राउझरमध्ये हाताने उघडता येते. चित्रे जेपेग, आवाज एमपी-थ्री असावेत. तबकडीवरील फाईलरचनेचे १९८८ चे प्रमाण आयएसओ ९६६० हे होय. त्याच्या सर्वांत कडक पातळीत नाव आठ अक्षरांचे आणि पुढे तीन, एवढीच मुभा आहे. नावे आखूड ठेवावीत, मधे जागा सोडू नये, आणि अक्षरांचे लहानमोठेपण सर्वत्र सारखे राखावे; विंडोजला तो फरक जाणवत नाही, लिनक्सला जाणवतो. शेवटी तबकडी ‘बंद’ करण्याची सूचना देऊनच ती बाहेर काढावी, आणि किमान तीन परक्या संगणकांवर पाहावी. स्वतःच्या संगणकावरची परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

ही आपोआप सुरू होण्याची सोय पुढे आटली. २००८ च्या अखेरीस उद्भवलेला कॉनफिकर हा उपद्रवी प्रोग्रॅम ज्या मार्गांनी पसरला, त्यांत पेन ड्राइव्हवरील ऑटोरन फाईल हाही एक होता. २००९ च्या विंडोज ७ ने पेन ड्राइव्हसाठी ती सोय बंदच केली. तबकडी घातल्यावरही संगणक आधी विचारतो. आज पुष्कळ लॅपटॉपांना तबकडीचा कप्पाही नसतो. मात्र वरचे धडे पेन ड्राइव्हलाही तंतोतंत लागू आहेत. इंडेक्सचे पान, शेजारच्या फाईली आणि अंतर्भूत टंक असला, की पुढचे काम एका टिचकीचे.

दुरुस्त केलेली तबकडी घेऊन आम्ही पावसाळ्यानंतर पुन्हा त्या गावी गेलो. या वेळी सारे व्यवस्थित चालले. पण पहिल्या रांगेत तिघीच होत्या. “मीच म्हणते” म्हणणाऱ्या आजी श्रावणात गेल्या होत्या. त्यांची ओवी सुरू झाली तेव्हा त्यांची सून पदर डोळ्यांना लावून ऐकत राहिली. ओवी संपल्यावर ती म्हणाली, “पुन्यांदा लावा.”

त्या आजींना स्वतःचा आवाज आम्ही ऐकवू शकलो नाही. कारण एवढेच, की तबकडी निघण्यापूर्वी दुसऱ्या एका संगणकात घालून पाहण्याची पाच मिनिटे आम्ही काढली नव्हती.