जबडा सावरला, पायाचे काय?



तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया होऊन रुग्ण पाड्यावर परतला की भेटायला येणारा प्रत्येक जण त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. मी आधी पायाकडे पाहते.

जबड्याचे हाड काढावे लागले, तर पुष्कळदा गुडघ्याखालचे बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिन्यांसकट काढून तिथे बसवतात. जबड्यासाठी ही पद्धत डॉ. हिडाल्गो यांनी 1989 मध्ये मांडली. "पायातले हाड गेले, आता चालणार कसे?" असे घरचे घाबरून विचारतात. अंगाचा बहुतेक भार नडगीचे जाड हाड पेलते. शिवाय घोटा डळमळू नये म्हणून खालचे सुमारे 6 ते 8 सेंटिमीटर हाड मुद्दाम ठेवतात.

हाडाबरोबर पायाची कातडीही घेतली असेल, तर तिथे बहुधा मांडीची पातळ कातडी लावतात. मांडीची जखम वरवरची, पण झोंबते पुष्कळ. डॉक्टरांनी परवानगी दिली की आधाराने चालायलाच हवे. "पाय जपा" म्हणत माणसाला खाटेवर बसवून ठेवतात, ही माया महागात पडते; घोटा आखडतो.

अंगठा वाकवणारा स्नायू याच हाडाला चिकटलेला असतो. म्हणून अंगठ्याचा जोर कमी होतो, कधी तो खाली वाकून बसतो. फिजिओथेरपिस्टने दाखवल्याप्रमाणे तो हाताने रोज वर ताणावा. भातशेती करणारे आमचे एक काका म्हणाले, "पेज गिळता येते हो ताई, पण बांधावरून पाय सरकतो." सपाटीवर बरे चालणाऱ्यालाही उतार आणि उकिडवे बसणे काही महिने जड जाते. रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीवर हे कळत नाही.

काहींच्या पायाची बाहेरची बाजू किंवा पाऊल बधिर होते. काटा रुतला, चुलीतला निखारा लागला तरी समजत नाही. रोज संध्याकाळी घरातल्या कोणीतरी पाऊल नीट पाहावे. पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पू आला किंवा कातडी काळी पडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. धाप लागली तर क्षणभरही थांबू नये.

भेटीला जाताना आपण सफरचंदे नेतो, आणि त्या माणसाला चावता येत नसते! त्याऐवजी मागे पट्टा असलेली सँडल न्या. साधी चप्पल अंगठ्याने धरावी लागते, ती या पायातून निसटते.