मोटारसायकलचे इंजिन आणि पायाचा क्लच

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार या कारागिराने भंगारातून घडवलेली छोटी जीप डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. खर्च सुमारे साठ हजार रुपये, आणि गाडी सुरू व्हायची दुचाकीसारखी किक मारून. आपल्या दिग्रस-पुसदकडे वेल्डिंगचे काम करणाऱ्या भावांनाही असा हुरूप येणे साहजिक आहे. आम्ही कापडवाले, पण आठवडी बाजाराला गाठी वाहून नेणाऱ्याला गाडीचे दुखणे थोडेफार कळतेच. सबब यातील नाजूक भाग, म्हणजे क्लच, समजून घेऊ.

मोटारसायकलच्या क्लचमध्ये पातळ प्लेटा एकीआड एक रचलेल्या असतात. स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात आणि बहुतेक गाड्यांत हे सारे इंजिनच्याच तेलात बुडालेले असते. वायर ओढली की दाब सुटतो व इंजिन गिअरपासून मोकळे होते. चारचाकीत हा भाग जसाच्या तसा राहतो. फक्त हाताच्या जागी पाय येतो, आणि फसगत तिथेच होते.

समजा, वायर १० मिलिमीटर ओढल्यावर क्लच सुटतो. पेडल ज्या खिळ्यावर फिरते तिथून पाय २५० मिलिमीटरवर आणि वायर ५० मिलिमीटरवर ठेवली, तर पाय ५० मिलिमीटर दाबावा लागेल. हिशेब बरोबर. पण त्याच हिशेबाने पायाचा २० किलोचा जोर वायरवर १०० किलो होतो! क्लच सुटल्यावरही पाय दाबतच राहिला तर वायर तुटते, नाहीतर इंजिनवरचा दांडा वाकतो. म्हणून पेडलमागे चेसिसला बोल्ट लावून अटकाव करावा. क्लच सुटताच पेडल त्यावर टेकले पाहिजे. वायरच्या नळीची दोन्ही टोके पक्की बांधावीत, कारण नळी सरकली तर पेडल दाबूनही क्लच सुटत नाही. पाय काढल्यावर वायरला थोडी ढील हवीच. ती नसेल तर प्लेटा घसरतात आणि जळतात.

दुसरी गोष्ट वजनाची. मलमलीला पुरणारा दोरा ताडपत्री शिवायला चालत नाही. पुष्कळांना कडक स्प्रिंगा घालणे सोपे वाटते. त्याने घसरणे कमी होते, पण पेडल जड होते व वायरवर ताण वाढतो. आमच्या मते आधी चेनचे मागचे दातचक्र मोठे घ्यावे. रिक्षाच्या लहान चाकांनीही तोच फायदा होतो. वेग घटतो, क्लच वाचतो. तेल मोटारसायकलचेच घालावे. मोटारीच्या काही तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी प्लेटा घसरतात. मोटारसायकलला रिव्हर्स गिअरही नसतो. रिक्षाचे इंजिन मिळाले तर तेच बरे.

पहिली चाचणी चाके ठोकळ्यांवर उचलून, पेडल पन्नासदा दाबून घ्यावी. आपल्याच जिल्ह्यातील फुलसावंगीचा हुनरमंद तरुण शेख इस्माईल ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत पाते लागून मरण पावला.

आणि गाडी शेतात वा आवारातच चालवावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहन नेता येत नाही. लोहारांच्या जीपलाही नियम आड येणार हे ओळखून आनंद महिंद्रा यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती त्यांच्या दारी आली.