अंगणातील गळका नळ

शनिवारी सकाळची शाळा सुटते, मुले हात धुऊन घरी जातात आणि आवारातील नळ बारीक धारेने वाहत राहतो. एक लिटरचा तांब्या तीन मिनिटांत भरेल एवढीच ती धार. परंतु तासाला तिचे २० लिटर होतात. दुपारी १२ वाजता काठोकाठ असलेली ५०० लिटरची टाकी रविवारी दुपारी एकच्या सुमारास रिकामी होते आणि सोमवारी पोषण आहाराच्या खिचडीसाठी पाणी कोठून आणावयाचे, असा प्रश्न मुख्याध्यापकांपुढे उभा राहतो.

घराच्या अंगणातील, टाकीवरून पाणी येणाऱ्या नळाची स्थिती याहून फारशी वेगळी नसते. सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाकाठी २१ लिटरांहून अधिक पाणी जाते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरण्यात आले आहे, हे लक्षात घेतल्यास या गळतीचे मोल कळून येईल.

फिरवून बंद करावयाच्या पितळी नळाची रचना अगदी साधी असते. मूठ फिरविली की आतील दांडा खाली उतरतो आणि त्याच्या टोकाशी असलेली रबराची चकती, म्हणजे वॉशर किंवा बोलीतील वायसर, पितळी बैठकीवर दाबली जाते. ही चकती झिजली की नळ तोंडातून गळू लागतो. अशा वेळी नळ अधिकाधिक जोराने पिळण्याची सवय सार्वत्रिक आहे. त्यामुळे चकती चिरते आणि पुढे बैठकीवरही चरे पडतात. मग दोन रुपयांच्या जागी पाचशे रुपयांचा खर्च ओढवतो.

दुरुस्तीपूर्वी टाकीखालची चावी बंद करून नळीतील उरलेले पाणी काढून टाकावे. चावी नसल्यास, आणि नळ थेट गावच्या योजनेवर असल्यास, पाणी जाण्याची वेळ साधावी. नळ अर्धवट उघडा ठेवावा, म्हणजे चकती बैठकीत रुतून राहत नाही. त्यानंतर मुठीखालचे षट्कोनी टोपण पान्याने डावीकडे फिरवून सोडवावे. येथे एक चूक हमखास होते. अंगणातील नळ जमिनीतून वर आलेल्या उभ्या नळीवर बसविलेला असतो. एकाच पान्याने जोर लावला तर टोपणाऐवजी ती नळीच फिरते, जमिनीतला सांधा सैल होतो आणि वरची गळती थांबून खालची सुरू होते. म्हणून नळाचे अंग दुसऱ्या पान्याने घट्ट धरून ठेवणे अत्यावश्यक आहे. पितळेवर चरे पडू नयेत यासाठी मध्ये फडके घ्यावे.

दांडा बाहेर काढल्यावर जुनी चकती सोडवून त्याच मापाची नवी बसवावी. अर्ध्या इंची नळाची चकती कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसविणारेही पुष्कळ आहेत. तो दाबाखाली वाकडा बसतो आणि पुन्हा तेच काम करावे लागते. बैठकीवरून बोट फिरवून पाहावे. खरखर लागल्यास नवी चकतीही टिकणार नाही. तेव्हा नळच बदलावा.

पाणी मुठीच्या बुडातून येत असेल तर चकतीचा दोष नसतो. दांड्याभोवतीचा लहान नट किंचित आवळावा. न भागल्यास त्याखाली ग्रीस लावलेला सुती दोरा गुंडाळावा. आट्यांतून पाणी झिरपत असल्यास नळ काढून त्यावर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळावी. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत अशी चकती नसते, त्यांतील अखंड पुंगळी बदलावी लागते. उन्हाने तडकलेला प्लॅस्टिकचा नळ मात्र दुरुस्तीच्या पलीकडचा समजावा.

नळाखालचे डबके राहू देणेही इष्ट नाही. डासांची पैदास तेथे होतेच. शिवाय पाणी जाताना वाहिनीत पोकळी निर्माण होते आणि डबक्यात लोळणाऱ्या रबरी नळीचे तोंड तेथील घाण आत ओढून घेते. ते पाणी पुढच्या पाळीत शेजारच्या घरी पोहोचते.

दोन पाने, टेपची एक गुंडाळी आणि डझनभर चकत्या एवढे साहित्य ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कपाटात ठेवल्यास घरोघरच्या नळांना ते पुरते. जमिनीखालचा सांधा गळत असल्यास मात्र पाणीपुरवठा कर्मचाऱ्यास बोलवावे. कोरड्या दिवसांत नळाभोवतीची माती सतत ओली राहणे, ही त्याची पहिली खूण होय.