पहिली होडी घेताय? सुरक्षेचा खर्च आधी मांडा

पर्यटकांना फिरवण्यासाठी स्वतःची फायबर होडी घेणारे तरुण कोकण किनाऱ्यावर सगळीकडे भेटतात. होडी, आउटबोर्ड इंजिन, छप्पर, रंग, सगळ्याचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. कर्जाचा अर्जही तेवढ्याच आकड्यावर जातो आणि सुरक्षेचे सामान उरल्यासुरल्या पैशांवर येते. हा क्रम बदला. आठ प्रवासी आणि दोन खलाशी असतील, तर ५० ते ८० हजार रुपये इंजिनाचा भाव काढण्याआधीच बाजूला ठेवा. पुढचे दर अंदाजी आहेत; बंदरागणिक फरक पडेल.

सर्वात जास्त विचार लाइफ जॅकेटचा करा. चार-पाचशे रुपयांची भडक जॅकेटे खूप मिळतात, पण बघायचे ते त्यांची तरंगवण्याची ताकद, म्हणजे जॅकेटवर छापलेला न्यूटनचा आकडा. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत हाकेच्या अंतरावर असेल तिथेच. शांत पाण्यात १०० न्यूटन चालते. उघड्या समुद्रात १५० न्यूटनचेच घ्या, कारण बेशुद्ध माणसाला उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवायला तेवढी ताकद लागते. मान्यताप्राप्त जॅकेटला दीड ते अडीच हजार पडतात. माणसे दहा असतील तर बारा घ्या आणि त्यांत मुलांच्या मापाची वेगळी ठेवा. मोठ्यांच्या जॅकेटमधून मूल खाली निसटते. पट्टे आवळून खांद्यापाशी वर ओढून पाहा. जॅकेट कानांपर्यंत आले तर माप चुकले.

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. त्या दुर्घटनेनंतर मुंबईत गेटवे ऑफ इंडियावर प्रवाशांना जॅकेट घालणे सक्तीचे झाले. बाकाखाली कोंबलेले जॅकेट बुडत्या होडीत वेळेवर हाती लागत नाही. प्रवासी पाय टाकतो तेव्हाच ते त्याच्या अंगावर चढवा. जॅकेटवर कोणाला बसू देऊ नका, आतला फोम दबून निकामी होतो. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

फुकटात मिळणारे आणि सर्वात दुर्लक्षित साधन म्हणजे इंजिनाची किल-स्विच दोरी. चालवणारा पाण्यात पडला की ती सुटते आणि इंजिन बंद होते. दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली नसेल तर मोकळी होडी गोल फिरत पडलेल्याच्याच अंगावर येऊ शकते, पंख्यासकट. जादा दोरी काही शे रुपयांची. ती जवळ असू द्या.

बाकीच्या सामानाचा हिशेब असा: दोन लाइफबॉय, चार ते पाच हजार. दोन अग्निशामक, तीन हजारांच्या आसपास. नांगर, दोर, प्रथमोपचार पेटी आणि पाण्यात चालणारी बॅटरी, पाच ते आठ हजार. संकटाचे फ्लेअर सहा-आठ हजारांचे होतात. त्यांची मुदत बहुधा तीन वर्षे असते. बिल देण्याआधी तारीख वाचा, दुकानात जुना माल असतो. हातातला व्हीएचएफ संच १५ ते २५ हजारांना येतो, त्याचा परवाना वेगळा काढावा लागतो. संकटाची हाक चॅनेल १६ वर द्यायची. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर मोबाइलचा भरवसा नाही, पण रेंज असेपर्यंत तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक खलाशाला पाठ हवा.

प्रशिक्षणाचा खर्च यापेक्षा वेगळा. गोव्यातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्स या केंद्र सरकारच्या संस्थेत पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे छोटे अभ्यासक्रम चालतात. राहण्या-जेवणासह माणशी १५ ते २५ हजार धरा. पैसे एकाच अभ्यासक्रमापुरते असतील तर मी जीवरक्षणाचा निवडेन, कारण होडी हाकायला गावातला अनुभवी तांडेल शिकवील, पण नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाला श्वास कसा द्यायचा, ते जाणकाराच्या हाताखाली सराव केल्याशिवाय जमत नाही. तुमच्याबरोबर खलाशालाही पाठवा. तुम्हीच पाण्यात पडलात तर वाचवणारा तोच असेल.

प्रवासी वाहतुकीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. सामानाची पक्की बिले त्या फाइलमध्येच लावा. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढलेली असते, तेव्हा प्रशिक्षण उरका आणि हंगाम उघडण्याआधी खाडीच्या उथळ पाण्यात, जॅकेट घालून, माणूस वर ओढून घेण्याची रंगीत तालीम करा.