शिवाराची निगा : खानदेशातील दोन धडे

शेतकरी केवळ धान्य पिकवीत नाही. बांध, पाट, नाले, गायरान आणि झाडे यांची निगाही तोच राखतो. या कामाचा मोबदला बाजारात मिळत नाही. म्हणून ते टिकविण्यात शासकीय धोरणाचा व ग्रामीण पर्यटनाचा वाटा किती, हे पाहणे अगत्याचे ठरते.

फड पद्धतीचा धडा

पांझरा, मोसम आदी नद्यांच्या खोऱ्यांत शेकडो वर्षांपासून फड पद्धती रूढ आहे. नदीवरील बंधाऱ्यातून पाटाने पाणी घ्यावयाचे, लाभक्षेत्राचे फड पाडावयाचे आणि एका फडात एकच पीक घ्यावयाचे, अशी ही रचना होय. पाटकरी पाणी वाटतो, जागल्या पिकाची राखण करतो. पाटांची सफाई सर्व लाभधारक मिळून करतात. पाण्यावर हक्क हवा असेल तर पाटाची निगा राखलीच पाहिजे, हे या व्यवस्थेचे मर्म आहे. पुढे नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि अनेक ठिकाणी फड मोडकळीस आले. पाणी ज्याचे त्याला मिळू लागताच पाट कोणाचाच उरला नाही.

बारीपाड्याचा धडा

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा येथे याच्या उलट घडले. उजाड झालेले जंगल राखण्यासाठी १९९० नंतरच्या दशकात ग्रामस्थांनी समिती नेमली, वृक्षतोडीस दंड ठरविला व पाणी अडविले. श्री. चैत्राम पवार यांनी या कार्याचे नेतृत्व केले. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. येथे भरणाऱ्या वनभाजी स्पर्धेस बाहेरगावचे लोक आवर्जून येतात. जंगल आधी राखले गेले, पाहुणे मागाहून आले, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

धोरणाची दिशा

१९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली गेली आणि कोरडवाहू शेतकऱ्याला झाडे लावणे परवडू लागले. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना सिंचन व्यवस्थापनाचे अधिकार दिले, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेकडे आला. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये मंजूर झाले. जळगाव जिल्ह्यातील पाटणादेवी व पाल या परिसरांकडे पर्यटक येतातच. भोवतालच्या शेतकऱ्यांना भरीत-भाकरीचे जेवण, केळीच्या बागेतील फेरफटका यांतून जोडउत्पन्न मिळू शकेल.

तथापि पाहुणा पाहतो ते सबंध शिवार, आणि उत्पन्न मात्र एकाच शेताला मिळते. नाल्यात कचरा साचला, बांधावरची झाडे तुटली, तर त्या शेताचे आकर्षणही टिकणार नाही. म्हणून ग्रामपंचायतीने पर्यटनाच्या उत्पन्नातील काही वाटा ग्रामसभेच्या संमतीने पाट, नाले व गायरान यांच्या निगेसाठी राखून ठेवणे हिताचे होईल. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील जुन्या पाटांची व वृक्षांची नोंद करवून घ्यावी.

अनुदान झाड लावून देते. ते जगविण्याचे काम गावाच्या नियमांनाच करावे लागते.