पालाशच्या गोणीचा भाव कसा ठरतो?

नत्र, स्फुरद व पालाश या तीन मुख्य अन्नद्रव्यांपैकी पालाशच्या बाबतीत आपला देश जवळजवळ पूर्णतः आयातीवर अवलंबून आहे. राजस्थानात पालाशयुक्त क्षारांचे साठे आढळले असले, तरी शेतकऱ्याच्या हाती येणारे म्युरेट ऑफ पोटॅश हे कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्राएल, जॉर्डन अशा मोजक्या देशांतून येते. त्यामुळे कृषी सेवा केंद्रात गोणीवर छापलेल्या किमतीचा उगम फार दूरवर असतो.

विक्रेते थोडे असले की त्यांची एकजूट भाव ठरवते. रशिया व बेलारूस येथील दोन मोठ्या उत्पादक कंपन्या 2005 पासून एकाच विक्रीसंस्थेमार्फत माल विकत असत. जुलै 2013 मध्ये ही भागीदारी मोडली. भारताचा करारभाव 2013 मध्ये टनाला 427 डॉलर होता, तो पुढील वर्षी 322 डॉलरवर आला. खाणी त्याच होत्या. विक्रेत्यांची युती तेवढी तुटली होती. याउलट, फेब्रुवारी 2022 मध्ये लिथुआनियाने बेलारूसच्या पालाशची रेल्वे वाहतूक थांबवली आणि त्याच महिन्यात रशिया-युक्रेन युद्ध पेटले. त्या वर्षीचा भारताचा करार टनाला 590 डॉलरवर झाला.

करार डॉलरमध्ये आणि विक्री रुपयांत, हा दुसरा घटक. टनाला 590 डॉलर भाव असताना डॉलर केवळ एका रुपयाने महागला, तर पन्नास किलोच्या एका गोणीची आयातकिंमत साडेएकोणतीस रुपयांनी वाढते. शिवाय जहाजभाडे, बंदरावरील खर्च व देशांतर्गत वाहतूक आहेच.

मात्र शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक ठरते ते अनुदान. 2008 मध्ये करारभाव 625 डॉलरपर्यंत चढला होता, तरीही शेतकऱ्याला पालाश टनाला 4,455 रुपयांनी, म्हणजे गोणी सुमारे 223 रुपयांना मिळत होती. फरक शासन सोसत होते. 1 एप्रिल 2010 पासून अन्नद्रव्याधारित अनुदान योजना आली आणि चित्र उलटले. आता शासन पालाशच्या प्रत्येक किलोमागे ठरावीक रक्कम देते व त्यापलीकडील चढउतार विक्रीकिंमतीत उतरतो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये साठ टक्के, म्हणजे गोणीत तीस किलो पालाश असते. 2022 च्या खरिपात किलोमागे 25.31 रुपये अनुदान होते. गोणीला सुमारे 759 रुपये. 2023-24 च्या रब्बीत दर 2.38 रुपये झाला आणि गोणीमागील अनुदान अवघे 71 रुपयांवर आले. जागतिक भाव उतरल्यावर अनुदानही कमी होत असल्याने स्वस्ताईचा पुरता लाभ गोणीपर्यंत पोहोचत नाही.

युरिया मात्र या योजनेबाहेर, नियंत्रित किमतीतच राहिला. परिणाम अपेक्षित होता. देशातील म्युरेट ऑफ पोटॅशचा खप 2010-11 मध्ये सुमारे 39 लाख टन होता, तो 2012-13 मध्ये 22 लाख टनांच्या आसपास घसरला. युरिया टाकला की आठवड्याभरात पीक हिरवेगार दिसते. पालाशची उणीव पानांच्या करपलेल्या कडांतून, केळीच्या अपुऱ्या भरलेल्या घडातून वा बटाट्याच्या लहान आकारातून उशिरा कळते. महाग झालेले खत आधी वगळले जाते ते याचमुळे.

वगळणे नेहमीच चूक असते असे नाही. महाराष्ट्रातील काळ्या जमिनींत पालाशचे प्रमाण बहुधा चांगले असते. कोकण, गोवा व केरळच्या जांभ्या जमिनींतून ते अतिपावसाने वाहून जाते. म्हणून गोणी घेण्यापूर्वी माती परीक्षणाचा अहवाल पाहणे हेच खरे काटकसरीचे पाऊल. उसासारख्या पालाश उचलणाऱ्या पिकासाठी मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याच्या राखेतील पालाशही उपलब्ध आहे. 2021 मध्ये त्याला अनुदान योजनेत स्थान मिळाले. त्यात पालाश साधारण साडेचौदा टक्केच असल्याने तुलना गोणीच्या नव्हे, किलोमागील भावाने करावी.

पीककर्जाचा हेक्टरी दर जिल्हास्तरीय तांत्रिक समितीच्या शिफारशीने हंगामापूर्वी ठरतो. त्यानंतर खत महागले, तर वाढीव खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो. केळी, ऊस, बटाटा अशी पिके घेणाऱ्या खातेदारांनी कर्जमागणीच्या वेळीच खतांचा चालू भाव व माती परीक्षण अहवाल शाखेस दाखवल्यास खर्चाचा अंदाज वास्तवाच्या जवळ राहील आणि हंगामाच्या मध्यावर सावकाराकडे जाण्याची वेळ टळू शकेल.